समुद्र न पाहिलेल्या वर्गाला समुद्राखालचे थर कसे शिकवावेत?



भूगोलाच्या पुस्तकात ‘सागरतळरचना’ आली की ‘समुद्रबूड जमीन’ किंवा ‘भूखंड मंच’ हा शब्द येतो. आपण फळ्यावर आकृती काढतो, किनाऱ्याकडून एक उतरती रेघ, तिला नावं देतो, मुलं वहीत उतरवून घेतात. पाठ संपतो. आमच्या बीड जिल्ह्यातल्या बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो. मुंबईचा किनारा इथून साडेतीनशे-चारशे किलोमीटर लांब. त्यामुळे समुद्राखाली काय आहे हे त्यांना चंद्रावर काय आहे याइतकंच दूरचं वाटतं.

मीही हा पाठ बरीच वर्षं असाच उरकत होतो. एका वर्षी आठवीच्या वर्गात मुंबई हायबद्दल सांगत होतो. जहाजावरून आवाज सोडतात, तो समुद्राच्या तळाखालच्या थरांवर आपटून परत येतो आणि त्यावरून दगड कुठे आहे, त्याला फुगवटा कुठे आहे ते कळतं, असं सांगितलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, “सर, समुद्राच्या खालचं दिसतं, मग आमच्या रानातलं पाणी का नाही दिसत? आमच्या अण्णानं तीन बोअर घेतले. तिन्ही कोरडे गेले.”

वर्ग हसला नाही. हसण्यासारखं काही नव्हतंच. प्रत्येक घरात एखादा कोरडा बोअर आहे. २०१५-१६च्या दुष्काळात आमच्या घरच्या रानातही दोन बोअर गेले. पाणाड्या नारळ हातावर ठेवून फिरला होता, नारळ उभा राहिला होता, आणि बोअरमधून फक्त फुफाटा निघाला होता. मला त्या दिवशी त्या मुलाला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून मी हा पाठ पुन्हा बांधला, तो त्याच्या प्रश्नाभोवती. तोच खाली देतो आहे. साधारण तीन तासिका लागतात आणि साहित्य घरातलंच आहे.

पायरी १ : सुरुवात विहिरीपासून

समुद्राकडे जायच्या आधी मुलांना विहिरीच्या काठावर न्या (कठडा असलेली विहीर निवडा आणि एक मोठं माणूस सोबत ठेवा). विहिरीच्या भिंतीत थर दिसतात. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली भोकं-भोकं असलेला मांजऱ्या दगड, मग अखंड काळा पाषाण, मधेच कुठे गेरूसारखा लाल पट्टा. मुलांना हे थर वहीत काढायला सांगा. एखाद्या विहीर खोदणाऱ्या आजोबांना बोलावलं तर फारच चांगलं, त्यांना हे थर आपल्यापेक्षा नीट ठाऊक असतात.

हा काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा एकावर एक असा वाहत आला आणि दख्खनचं पठार तयार झालं. लाल पट्टा म्हणजे दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात वरचा भाग कुजून झालेली माती, जी नंतरच्या लाव्ह्यानं भाजली आणि झाकली. म्हणजे विहीर हे एक पुस्तकच आहे, फक्त ते खालून वर वाचायचं. सगळ्यात जुनं पान सगळ्यात खाली.

आता प्रश्न विचारा : हा काळा दगड खाली कुठपर्यंत आहे? मुलं म्हणतात, “पाताळापर्यंत.” त्याचं खरं उत्तर आपल्या शेजारच्या लातूर जिल्ह्यात मिळालेलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर शास्त्रज्ञांनी तिथे ६१७ मीटर खोल भोक पाडलं. सुमारे ३३८ मीटरवर काळा पाषाण संपला, मग ८ मीटरच्या आसपास गाळाचा खडक लागला आणि त्याखाली ग्रॅनाइटच्या जातीचा फार जुना दगड. म्हणजे आपण एका जाड काळ्या झाकणावर राहतो आहोत, आणि त्या झाकणाखालीही कधीकाळी नदी-तळ्यांत साचलेला गाळ दबलेला आहे.

मुलांना हे ऐकून पहिल्यांदा वाटतं, की खालचं जग रिकामं किंवा अंधारं नाही. तिथे क्रम आहे.

पायरी २ : आवाज परत का येतो?

आता मुख्य कल्पना. भोक न पाडता खालचं कसं कळतं?

कृती अशी करा. एक बारीक सुतळी घ्या, साधारण चार-पाच हात. तिच्या टोकाला जनावराचा जाड दोर बांधा. दोन मुलांनी दोन टोकं धरायची. सुतळीच्या बाजूच्या मुलानं हाताला एकच झटका द्यायचा. लाट सुतळीवरून पळत जाते, गाठीपाशी पोचते, आणि मग दोन गोष्टी होतात. थोडी लाट जाड दोरात पुढे जाते, थोडी मागे वळून येते. गाठ जितकी ‘वेगळ्या’ गोष्टींमधली, तितकी जास्त लाट परत येते. आता दोन्ही बाजूंना सारखीच सुतळी बांधून पाहा. लाट गाठीवरून जवळजवळ न अडता पुढे जाते.

जमिनीखाली हेच घडतं. आवाजाची लाट मऊ चिखलातून घट्ट चुनखडकात जाते तेव्हा त्या सीमेवर तिचा काही भाग परत फिरतो. किती फिरतो हे दोन थरांच्या घनतेवर आणि त्यांतल्या आवाजाच्या वेगावर अवलंबून असतं. दोन थर अगदी सारखे असतील तर तिथे थर आहे हे आवाजाला कळतच नाही. ही गोष्ट मुलांना आवर्जून सांगा, पुढे तिचा उपयोग आहे.

समुद्रात हे काम जहाज करतं. जहाजामागे पाण्यात दाबलेल्या हवेची तोफ असते, तिला एअरगन म्हणतात. ती ठरावीक अंतरानं हवा सोडते, ‘धप्’ असा आवाज पाण्यातून खाली जातो. जहाजामागे काही किलोमीटर लांबीची वायर ओढली जाते, तिच्यावर पाण्यातले मायक्रोफोन म्हणजे हायड्रोफोन बसवलेले असतात. ते परत आलेले आवाज टिपतात. जहाज पुढे जात राहतं, दर काही सेकंदांनी ‘धप्’, आणि हजारो नोंदी शेजारी-शेजारी ठेवल्या की समुद्राखालच्या जमिनीचा उभा काप दिसायला लागतो, जसा आपल्याला विहिरीच्या भिंतीत दिसला. यालाच भूकंपीय सर्वेक्षण किंवा सिस्मिक सर्व्हे म्हणतात. नावात भूकंप असला तरी तो भूकंप घडवत नाही. भूकंपाच्या लाटा जमिनीतून जशा जातात तशाच या लाटा जातात, म्हणून ते नाव.

एक प्रश्न मुलं हमखास विचारतात : “मोठ्यानं आवाज केला की खोल जातो का?” मोठेपणापेक्षा आवाजाची जात महत्त्वाची. शेजारच्या गावात लग्नाचा डीजे वाजत असेल तर आपल्याला गाण्याचे शब्द ऐकू येतात का? नाही. फक्त खर्जातली धडधड येते. खर्जाचा आवाज लांब जातो, बारीक आवाज वाटेतच विरतो. म्हणून खोलवरचे थर पाहायचे असतील तर खर्जातला आवाज लागतो, पण त्यात बारकावे दिसत नाहीत. वरचे वीस-तीस मीटर बारकाईनं पाहायचे तर टिपेचा आवाज लागतो, पण तो खोल जात नाही. दोन्ही एकाच वेळी मिळत नाही. हे उदाहरण दिल्यावर वर्गाला पुन्हा समजवावं लागलेलं नाही!

आणखी एक बाजूही सांगा. हा आवाज पाण्यातल्या जिवांनाही ऐकू येतो. देवमासे, डॉल्फिन यांचं जगणं आवाजावर चालतं. म्हणून बऱ्याच ठिकाणी जहाजं आधी हळू आवाजानं सुरुवात करतात, म्हणजे प्राण्यांना दूर जायला वेळ मिळतो. मासेमारांनाही अशा सर्वेक्षणाच्या पट्ट्यातून आपली जाळी काढावी लागतात. ज्ञान फुकट मिळत नाही, त्याची किंमत कोणीतरी देत असतं, हेही मुलांना कळलं पाहिजे.

पायरी ३ : गणित

पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर. मुंबई हायपाशी समुद्राची खोली साधारण ७५ मीटर आहे. तर तळावरून आवाज परत यायला किती वेळ? जायला ७५ आणि यायला ७५, मिळून १५० मीटर. १५० भागिले १५००, म्हणजे ०.१ सेकंद.

इथे निम्मा वर्ग चुकतो, येण्याचं अंतर धरत नाही. चुकू द्या. मग विहिरीत ‘ओ’ दिल्यावर प्रतिध्वनी कसा येतो ते आठवायला सांगा.

आता हे आकडे फळ्यावर लिहा. ते सरावासाठी घेतलेले कल्पित आकडे आहेत. जहाज सरळ रेषेत पाच ठिकाणी थांबलं. पाचही ठिकाणी पहिला प्रतिध्वनी ०.१ सेकंदाला आला. दुसरा प्रतिध्वनी मात्र असा आला :

ठिकाण १ : ०.५० सेकंद
ठिकाण २ : ०.४५ सेकंद
ठिकाण ३ : ०.४० सेकंद
ठिकाण ४ : ०.४६ सेकंद
ठिकाण ५ : ०.५२ सेकंद

तळाखालच्या गाळात आवाजाचा वेग सेकंदाला २००० मीटर धरा. दुसऱ्या वेळेतून ०.१ वजा करा, २०००नं गुणा, निम्मं करा. उत्तरं येतात ४००, ३५०, ३००, ३६० आणि ४२० मीटर. आलेख कागदावर हे बिंदू तळाच्या रेषेखाली मांडून जोडा. मधे फुगवटा दिसतो, पालथ्या घमेल्यासारखा. मुलांच्या हातून तो फुगवटा निघतो तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. आपण न सांगता त्यांनी समुद्राखालचा दगड शोधलेला असतो.

मग विचारा, वेग २००० ऐवजी २५०० असेल तर? सगळी खोली बदलते. म्हणजे आपलं चित्र आपण धरलेल्या वेगावर अवलंबून आहे. वेग चुकला तर चित्र चुकलं. शास्त्रज्ञांची निम्मी डोकेदुखी हीच असते.

पायरी ४ : खरी गोष्ट, मुंबई हाय

आता मुलांना एक रुपयाची नोट आणायला सांगा. आहेराच्या पाकिटांत ती अजून सापडते. नोटेच्या मागच्या बाजूला समुद्रात उभा असलेला एक सांगाडा दिसतो. त्याचं नाव ‘सागर सम्राट’. ज्या नोटेला आपण शकुनाचा रुपया म्हणतो, तिच्यावर हा अख्खा पाठ छापलेला आहे.

१९६४ ते १९६७ या काळात ‘अकादेमिक अर्खांगेल्स्की’ या सोव्हिएत जहाजानं खंभातच्या आखाताच्या परिसरात आणि त्याच्या दक्षिणेला सर्वेक्षण केलं. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत, समुद्राच्या तळाखाली, एक मोठा फुगवटा त्या नोंदींत दिसला. आपल्या मुलांनी आलेख कागदावर काढला तसाच, पण कितीतरी मोठा. फुगवटा दिसला तेव्हा तेल दिसलं नव्हतं. आवाजाला आकार कळतो, आत काय आहे ते नक्की कळत नाही. तेल आहे की नाही हे भोक पाडल्यावरच कळणार होतं, आणि समुद्रात भोक पाडायचं साधन लागणार होतं. ‘सागर सम्राट’ जपानमध्ये बांधलं गेलं. १९७४च्या फेब्रुवारीत तिथे तेल लागलं आणि १९७६च्या मे महिन्यात उत्पादन सुरू झालं. म्हणजे आकार दिसल्यापासून तेल हाती लागायला सात-आठ वर्षं गेली.

इथे मुलांची एक चुकीची समजूत दूर करा. त्यांना वाटतं खाली तेलाचं तळं आहे. तसं नसतं. तेल चुनखडकाच्या बारीक छिद्रांत मुरलेलं असतं, जिलबीत पाक असतो तसं. खालच्या, जुन्या चिखलाच्या थरांत सेंद्रिय पदार्थ दबून तापले, त्यांचं तेल झालं, ते वर सरकत आलं आणि फुगवट्याच्या माथ्याशी घट्ट थराखाली अडकलं. पालथ्या घमेल्याखाली हवा अडकते तसं.

आणि आता मुलांना सगळ्यात आवडणारी गोष्ट. मुंबईसमोरच्या त्या गाळाच्या थरांखाली, अगदी तळाशी, बऱ्याच ठिकाणी कोणता दगड आहे? आपल्या विहिरीतला काळा पाषाण! तोच दख्खनचा लाव्हा. आपल्याकडे तो उघडा आहे, तिकडे तो समुद्राखाली गेला आणि त्याच्यावर कोट्यवधी वर्षं चिखल, वाळू, चुना साचत राहिला. आमच्या वर्गातली एक मुलगी म्हणाली, “म्हणजे सर, मुंबईच्या समुद्राखाली आपलंच रान आहे.” याहून चांगली व्याख्या मला सुचली नसती.

मुंबईसमोर ही समुद्रबूड जमीन सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे, दक्षिणेला केरळकडे ती बरीच अरुंद होत जाते. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती. मुंबई हायपाशी पाणी ७५ मीटर आहे. तर तेव्हा तिथे काय होतं? वजाबाकी मुलांनाच करू द्या. तिथे कोरडी जमीन होती, चालत जाता आलं असतं. गोव्यात दोना पावला इथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ साली स्थापन झालेली. टिपेच्या आवाजाच्या यंत्रांनी पश्चिम किनाऱ्यासमोरच्या वरच्या थरांचा अभ्यास तिथले शास्त्रज्ञ करत आले आहेत. बुजलेली नदीपात्रं, बुडालेले जुने किनारे, चिखलात अडकलेला वायू अशा गोष्टी त्या नोंदींत दिसतात. वायू असेल तिथे खालचं चित्रच पुसट होतं, धुक्यात गाव हरवावं तसं.

पायरी ५ : आपली माती कुठे गेली?

बिंदुसरा सिंदफणेला मिळते, सिंदफणा गोदावरीला. मांजराही शेवटी गोदावरीलाच. म्हणजे बीडच्या बालाघाटावरून वाहिलेली माती मुंबईकडे जात नाही, ती थेट आंध्राच्या किनाऱ्यावर, बंगालच्या उपसागरात जाते. नकाशावर बोट फिरवून मुलांना हा प्रवास करायला लावा.

२००६ साली तिथे, गोदावरीच्या मुखासमोरच्या खोल समुद्रात, भारताच्या गॅस हायड्रेट शोधमोहिमेत एक जहाज उतरलं. आधी आवाजानं थर पाहिले होते, मग नळ्या खुपसून गाळ वर काढला. त्या गाळाच्या एका नळीत गेल्या दहाएक हजार वर्षांची नोंद आहे. वनस्पतींच्या मेणाच्या अंशांवरून शास्त्रज्ञांनी वाचलं, की साधारण ४००० वर्षांपासून गोदावरीच्या खोऱ्यात कोरड्या हवेत तगणाऱ्या वनस्पती टप्प्याटप्प्यानं वाढत गेल्या. आणि त्याच काळात दख्खनच्या काळ्या दगडापासून आलेली माती समुद्रात जास्त वाहून येऊ लागली. झाडोरा कमी झाला, शेती वाढली, जमीन उघडी पडली.

मित्रांनो, आपल्या दुष्काळाचा आणि आपल्या धुपेचा जुना सातबारा समुद्राच्या तळाशी ठेवलेला आहे. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा शांतता होती.

आज ती माती सगळी समुद्रापर्यंत जातही नाही. बरीच माजलगाव, मांजरा अशा धरणांतच बसते. उन्हाळ्यात धरणातला गाळ ट्रॅक्टरनं रानात नेताना मुलांनी पाहिलेलाच असतो. एका काचेच्या बरणीत रानातली माती आणि पाणी घालून हलवा आणि खिडकीत ठेवा. वाळू लगेच बसते, काळ्या मातीचं पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ असतं. बारीक माती इतकी लांब का जाते, ते बरणी सांगते.

मग त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर काय?

उत्तर मी असं दिलं. पहिलं, समुद्राखालचा तो फुगवटा कित्येक किलोमीटरचा होता. आपल्या रानातलं पाणी दगडाच्या बोटभर फटीत असतं. खर्जाच्या आवाजाला बोटभर फट दिसत नाही. दुसरं, समुद्रातला गाळ थरावर थर असा नीट मांडलेला असतो. आपल्या काळ्या पाषाणात फट कुठे जाईल, कुठे बंद होईल याला नेम नाही. पाण्यासाठी बहुतेक वेळा आवाजाऐवजी जमिनीत वीज सोडून तिला होणारा अडथळा मोजतात. त्यानं अंदाज सुधारतो, खात्री मिळत नाही. तिसरं, तेल शोधणाऱ्यांचेही बोअर कोरडे जातात. फरक इतकाच, की त्यांचा कोरडा बोअरही नोंदवहीत जातो आणि पुढच्या माणसाला उपयोगी पडतो. आपला कोरडा बोअर फक्त कर्जाच्या वहीत जातो.

आणि चौथं, जे त्याला सांगणं मला सगळ्यात जड गेलं. जे पाणी जमिनीत मुरलंच नाही, ते कोणत्याही यंत्राला सापडणार नाही.

त्यानंतर आम्ही वर्गाची एक वही केली. गावातला प्रत्येक बोअर, किती फुटांवर मुरूम, किती फुटांवर काळा दगड, लाल पट्टा लागला का, पाणी लागलं का. मुलांनी घरोघर विचारून भरली. काही घरांनी सांगितलं, काहींनी नाही. कोरड्या बोअरबद्दल बोलायला माणसाला लाज वाटते. तरी चाळीसच्या वर नोंदी झाल्या. पालकहो, तुमच्या गावात अशी वही झाली तर कोरडा बोअर लपवू नका. त्याची नोंद पाणी लागलेल्या बोअरइतकीच मोलाची आहे.

तो मुलगा दिवाळीनंतर आई-वडलांबरोबर ऊसतोडीला गेला. वसंतात परत आला तेव्हा वही मागितली आणि शेवटच्या पानावर एक विहीर काढली, कोपीजवळची, सांगली जिल्ह्यातली. वर माती, मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण. म्हणाला, “सर, तिकडं पण आपलाच दगड हाय. मी उतरून नाही, वरूनच पाहिलं.”

मी त्या पानावर तारीख टाकली आणि वही कपाटात ठेवली. या वर्षीच्या आठवीला ती पहिल्याच दिवशी वाचायला देणार आहे.